वाचलेलं फक्त 10 टक्केच लक्षात राहतं का?

'वाचलेलं 10 टक्के, ऐकलेलं 20 टक्के आणि स्वतः केलेलं 90 टक्के लक्षात राहतं' असं सांगणारा त्रिकोणी तक्ता वर्षानुवर्षं फिरतोय. मी शिक्षक होण्यासाठी शिकतेय; माझ्याही वहीत तो होता. करून शिकण्यात तथ्य आहे, म्हणून तो पटतोही.

पण आकड्यांकडे नीट बघा. काय वाचलं, कोणी वाचलं, किती दिवसांनी विचारलं? कशाचाच पत्ता नाही. खरोखर मोजलेले आकडे असे दहाच्या पटीत रांगेने येत नाहीत. 1946 च्या एका अमेरिकी पुस्तकात असाच शंकूच्या आकाराचा तक्ता होता, पण त्यात टक्के नव्हतेच. ते मागाहून चिकटले. या आकड्यांवर विसंबून वाचनाचा तास कापू नये असं मला मनापासून वाटतं, कारण अडखळत वाचणाऱ्या मुलाला तोच सगळ्यात जास्त हवा असतो.

स्वतः पडताळून बघा. सारख्याच अवघड दोन उताऱ्यांपैकी पहिला दोनदा वाचा. दुसरा एकदाच वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कागदावर लिहा, मग सुटलेलं तपासा. आठवड्याने दोन्ही आठवून लिहा. बहुधा दुसराच जास्त आठवेल. वाचन दोन्हीकडे होतं. फरक पडला तो आठवायला घेतलेल्या कष्टाने.