लाहोर कुठल्या बाजूला?

गोरेगावला पुलाच्या अलीकडे गाडी ट्रॅफिकमध्ये अडकली होती. समोर डोक्यावर हिरवी पाटी, 'अहमदाबाद', आणि सरळ वर गेलेला बाण. डोंबिवलीचे मामा शेजारी बसले होते. पाटीकडे बघत म्हणाले, "चला, पश्चिमेला निघालो." रस्त्याचं नाव पश्चिम द्रुतगती महामार्ग, गुजरातही आपल्या मनात पश्चिमेलाच, त्यामुळे मामांना दोष कसा देणार? पण संध्याकाळचे पाच वाजले होते आणि ऊन डावीकडच्या खिडकीतून थेट त्यांच्या गालावर येत होतं. गाडीचं तोंड उत्तरेला होतं. सूरत तर मुंबईच्या जवळजवळ त्याच रेखांशावर, 72.8 अंशांवर आहे.

मला चेव आला. विचारलं, "मामा, लाहोर मुंबईच्या पूर्वेला की पश्चिमेला?"

"हा काय प्रश्न झाला? पाकिस्तान पश्चिमेला."

लाहोर 74.3 अंश पूर्व रेखांशावर आहे, मुंबई 72.9 वर. म्हणजे लाहोर मुंबईच्या पूर्वेला पडतं, जवळपास कोल्हापूरच्या सरळ वर.

ही चूक इतकी ठरावीक आहे की मानसशास्त्रज्ञांनी ती 1978 मध्येच पकडली. स्टीव्हन्स आणि कूप या अमेरिकी संशोधकांनी लोकांना सॅन डिएगोहून रिनोची दिशा विचारली. सॅन डिएगो कॅलिफोर्नियात, रिनो नेवाडात, आणि नेवाडा कॅलिफोर्नियाच्या पूर्वेला. म्हणून लोकांनी रिनोही पूर्वेला ढकललं. प्रत्यक्षात कॅलिफोर्नियाचा किनारा आग्नेयेकडे तिरका उतरत जातो आणि रिनो सॅन डिएगोच्या पश्चिमेला येतं. प्रत्येक गावाची जागा वेगळी लक्षात ठेवण्याऐवजी मेंदू गावं राज्यांच्या, देशांच्या डब्यांत भरतो आणि डबे एकमेकांशेजारी रचतो. गावाची दिशा विचारली, तर उत्तर डब्याची दिशा बघून येतं.

सरहद्दीजवळच्या पाट्या या सवयीला कधी खतपाणी घालतात, कधी तिला छेद देतात. अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या महामार्गावर 'कॅनडाकडे जाणारा पूल' अशा अर्थाची पाटी आहे. कॅनडा म्हटलं की डोक्यात उत्तर. पण 1929 साली खुला झालेला अँबॅसेडर पूल ओलांडून पलीकडच्या विंडसर शहरात जाताना तुम्ही दक्षिणेकडे जाता, कारण नदी तिथे वळण घेते. पाटीवर नुसतं 'विंडसर' असतं, तर निदान डबा उघडला गेला नसता, असं मला वाटतं. याउलट सिॲटलहून उत्तरेला जाणाऱ्या आय-5 महामार्गावर सरहद्दीपलीकडचं शहर नावानिशी येतं: व्हँकुव्हर. त्यापुढे 'बी. सी.' (ब्रिटिश कोलंबिया, हा कॅनडाचा प्रांत) ही अक्षरं जोडावी लागतात, कारण त्याच रस्त्यावर, सुमारे 500 किलोमीटर दक्षिणेला, अमेरिकेचं स्वतःचं एक व्हँकुव्हर आहे! ॲरिझोनात टूसॉनहून मेक्सिकोच्या सरहद्दीपर्यंत जाणारा आय-19 आणखी मजेशीर. तिथे अंतरं किलोमीटरमध्ये लिहिली आहेत आणि वेगमर्यादा मैलांत.

अंतराच्या अंदाजातही सरहद्द लुडबुड करते. जर्मनीतल्या शहरांमधली अंतरं लोकांना विचारून कार्बन आणि लेडर या संशोधकांनी 2005 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. जुनी पूर्व-पश्चिम सीमा मध्ये आली की लोक अंतर फुगवून सांगत. बर्लिनची भिंत तर 1989 मध्येच पडली होती. एकीकरणाबद्दल नाखूश असलेल्यांचा आकडा जास्त फुगलेला. अमृतसर ते लाहोर पन्नासेक किलोमीटर, साधारण सीएसएमटी ते कल्याण एवढं. हे वाचून तुम्हालाही क्षणभर खोटं वाटलं असेल, तर कारण तेच.

मुंबईनेही लांबच्या गावांची नावं रस्त्यांना दिली आहेत. भांडुप-मुलुंडची जुनी माणसं एलबीएस मार्गाला अजून आग्रा रोड म्हणतात. आग्रा तिथून हजारावर किलोमीटर लांब, पण वाण्याचं दुकान 'आग्रा रोडला' असतं. नाव उरतं, दिशा विरघळून जाते.

दहिसर नाक्यापाशी मामांना मी शेवटचा धक्का दिला. नकाशावर बोट ठेवून दाखवलं: इस्लामाबाद डोंबिवलीच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेला आहे, दोन्ही 73.1 अंशांच्या आसपास.

मामा बराच वेळ मोबाइलकडे बघत राहिले. मग बोटांनी नकाशा मोठा करून स्वतःची गल्ली शोधली. रेल्वेचे रूळ तिथे तिरके, ईशान्येकडे जातात.

"अरे," ते म्हणाले, "मग आमचं डोंबिवली ईस्ट तरी कुठे ईस्टला आहे? ते तर आग्नेयेला निघालं."