रिगिंगचे दोर

अवजड वस्तू उचलणे, ओढणे, सावकाश खाली उतरवणे किंवा ताणून जागेवर धरणे, या कामांना रिगिंग म्हणतात. त्यासाठी लागणारे दोर दोन प्रकारचे असतात: तंतूंचे आणि पोलादी तारांचे. पिळाची मूळ युक्ती दोन्हींत सारखीच आहे. तंतू एका दिशेने पिळून सूत होते, सुते उलट दिशेने पिळून पेड होतो आणि पेड पुन्हा पहिल्या दिशेने पिळून दोर होतो. उलटसुलट पीळ एकमेकांना उलगडू देत नाहीत. जितके ओढावे तितके तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात, म्हणूनच वीतभर लांबीच्या तंतूंपासून शेकडो मीटरचा दोर वळता येतो. पिळाऐवजी वेणीसारखे विणलेले दोरही असतात. ते भाराखाली गरगर फिरत नाहीत.

तंतूंचे दोर

नैसर्गिक दोरांत मनिला सर्वांत भरवशाचा. फिलिपिन्समधील अबाका या केळीच्या जातीच्या वनस्पतीच्या सोपटांपासून तो बनतो. घायपाताच्या कुळातील सिसलचा दोर त्याहून कमजोर असतो. काथ्याचा दोर हलका, ताणला जाणारा आणि पाण्यावर तरंगणारा, पण ताकदीने बेताचा. या सर्वांचा शत्रू ओल. बाहेरून ठणठणीत दिसणारा मनिला आतून कुजलेला असू शकतो. त्याचे पेड हाताने पीळ सोडून उघडावेत. आत भुकटी दिसली किंवा कुबट वास आला, तर तो दोर उचलकामाचा राहिलेला नाही.

कृत्रिम तंतूंची सुरुवात नायलॉनपासून झाली. ड्यू पाँट कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटाने ते 1935 मध्ये तयार केले. नायलॉन खूप ताणले जाते. त्यामुळे ते हिसका पचवते, पण यंत्र नेमक्या जागी बसवताना हाच गुण आड येतो. शिवाय ताणलेल्या दोरात ऊर्जा साठून राहते. तो तुटला की टोक चाबकासारखे मागे येते आणि त्या रेषेत उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेऊ शकते. ओल्या नायलॉनची ताकद साधारण 10 ते 15 टक्क्यांनी घटते. पॉलिएस्टर कमी ताणले जाते आणि भिजले तरी कमजोर होत नाही. रसायनांच्या बाबतीत या दोघांचे वागणे उलटे आहे: नायलॉन आम्लाने खराब होते, पॉलिएस्टर तीव्र अल्कलीने. पॉलिप्रॉपिलीन तरंगते आणि स्वस्त पडते, पण उन्हात ठिसूळ होते आणि सुमारे 165 अंश सेल्सिअसला वितळते.

डायनीमासारखे पॉलिएथिलीनचे नवे तंतू वजनाच्या मानाने पोलादाहून कितीतरी बळकट असतात. मात्र ते 150 अंशांच्या आतच वितळतात, इतके गुळगुळीत असतात की नेहमीच्या गाठी सुटून येतात, आणि सतत भाराखाली हळूहळू लांबतात.

तारदोर

जर्मनीच्या हार्त्स भागातील खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी 1834 मध्ये वळलेला तारदोर वापरात आणला. त्याआधी तिथे साखळ्या होत्या. साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली येतो. तारदोरात एक तार तुटली तरी बाकीच्या तारा भार धरून ठेवतात आणि तुटलेली तार डोळ्यांना दिसते. माझ्या मते ताकदीपेक्षाही ही आगाऊ सूचना तारदोराचा मोठा गुण आहे.

दोरावर 6×36 लिहिले असेल, तर 6 पेड आणि प्रत्येक पेडात 36 च्या आसपास तारा. तारा जितक्या जास्त आणि बारीक, तितका दोर लवचीक; जाड तारा घासणे जास्त सोसतात. मधोमध तंतूचा किंवा पोलादी गाभा असतो. तंतूचा गाभा वंगण धरून ठेवतो, पोलादी गाभा दोर चेपू देत नाही आणि उष्णताही जास्त सोसतो.

सुरक्षित भार

किमान तुटभाराला, म्हणजे ज्या कमीत कमी भाराला नवा दोर तुटू शकतो त्याला, सुरक्षा गुणकाने भागले की सुरक्षित भार मिळतो. तारदोराच्या स्लिंगसाठी, म्हणजे वजनाला गुंडाळून हुकात अडकवायच्या दोरासाठी, हा गुणक सहसा 5 धरतात. तंतूंच्या स्लिंगसाठी ठिकठिकाणच्या नियमांनुसार 5 ते 7, आणि माणसे उचलायची असतील तर 10 पर्यंत. उदाहरणार्थ, 1770 दर्जाच्या (दर चौरस मिलिमीटरला 1770 न्यूटन ताण सोसणाऱ्या) तारांचा, पोलादी गाभ्याचा, 6×36 बांधणीचा 12 मिलिमीटर दोर सुमारे 90 किलोन्यूटनला, म्हणजे 9 टनांच्या थोडे वर तुटतो. त्याचा सुरक्षित भार 1.8 टनांच्या आसपास येतो. भार व्यासाच्या वर्गानुसार वाढतो, म्हणून दुप्पट जाडीचा दोर चौपट भार घेतो.

तुटभाराच्या पाच भागांतले उरलेले चार भाग वापरायला मोकळे नसतात. झीज, गंज, वाकणे आणि हिसके यांच्या नावे ते आधीच राखून ठेवलेले असतात. वजन न आपटता नुसते एकदम दोरावर सोडले, तरी क्षणभर ताण दुप्पट होतो. ढिला दोर झटक्याने ताणला गेला तर त्याहून पुष्कळ जास्त.

सर्वाधिक फसवतो तो कोन. 1000 किलोचे वजन दोन पायांच्या स्लिंगने उचलताना पाय सरळ उभे असतील, तर प्रत्येकावर 500 किलो येतात. पाय आडव्या रेषेशी 60 अंशांत असतील तर 577, 45 अंशांत 707, आणि 30 अंशांत प्रत्येकी पूर्ण 1000 किलो. वजन तेच असते, दोर दोन असतात, तरीही प्रत्येक दोराला सगळ्या ओझ्याइतका ताण पेलावा लागतो. 30 अंशांखाली जाऊच नये. जागा कमी असेल तर लांब स्लिंग किंवा स्प्रेडर बीम, म्हणजे स्लिंगचे पाय दूर ठेवणारी आडवी तुळई, वापरावा.

वाकण्यानेही ताकद जाते. तारदोर त्याच्याच जाडीच्या पिनेवरून वळवला, तर सुमारे निम्मी ताकद उरते. धारदार कडेखाली गादी किंवा लाकूड दिलेच पाहिजे. तंतूच्या दोराला गाठ मारली की ताकद साधारण तिसऱ्या हिश्शाने ते निम्म्याने घटते. पेड गुंफून केलेला सांधा, म्हणजे स्प्लाइस, बरीचशी ताकद टिकवतो. तारदोराला गाठ कधीही मारू नये. त्याच्या टोकाला डोळा, म्हणजे कायमचा फास, करताना दोन दोर एकत्र आवळणाऱ्या क्लिपचे खोगीर (खाचेचा ठोकळा) भार घेणाऱ्या दोरावर आणि यू बोल्ट मोकळ्या टोकावर यावा. उलट बसवलेला यू बोल्ट भाराच्याच तारा चेपतो. पहिला भार दिल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात, कारण ताणाखाली दोर बारीक होतो.

निगा आणि तपासणी

नवा तारदोर रीळ फिरवूनच सोडावा. वेटोळ्याच्या बाजूने ओढला की फेरा पडतो, तो आवळला गेला की कायमचा मोड बसतो. मोड ठोकून सरळ केला तरी आतल्या तारांना झालेली इजा जात नाही. दोर वाकताना तारा एकमेकांवर सरकतात, म्हणून आतपर्यंत मुरणारे वंगण लागते. नुसता वरून थापलेला जाड ग्रीसचा थर ओल आत कोंडतो आणि तुटलेल्या तारा झाकतो. तंतूंचे दोर कोरड्या, हवेशीर जागी, जमिनीपासून वर टांगावेत. बॅटरीचे आम्ल, ऊन आणि वेल्डिंगच्या ठिणग्या यांपासून ते दूर ठेवावेत.

व्यास मोजताना व्हर्नियरचे जबडे समोरासमोरच्या पेडांच्या उंचवट्यांवर धरावेत. दोन पेडांमधल्या खाचेवर धरले तर माप कमी येते आणि दोर झिजल्यासारखा वाटतो. तुटलेल्या तारा एका पीळ-लांबीत मोजतात, म्हणजे एक पेड दोराभोवती पूर्ण फेरा घेतो तेवढ्या अंतरात. स्लिंगबाबत प्रचलित अमेरिकी निकष असा की या अंतरात 10 तारा, किंवा एकाच पेडातील 5 तारा, तुटलेल्या दिसल्या की ती बाद. क्रेनच्या दोरांसाठी आयएसओ 4309 हे मानक आहे. मोड बसलेला, पेड पिंजऱ्यासारखे फुगलेले, गाभा बाहेर डोकावणारा किंवा उष्णतेने रंग बदललेला दोर तारा न मोजताच काढून टाकावा. स्लिंगवरचा भार लिहिलेला बिल्ला हरवला असेल, तर ती चांगली दिसली तरी वापरातून बाजूला काढतात. बाद दोर कोपऱ्यात टाकून ठेवला तर घाईच्या वेळी कुणीतरी तो पुन्हा उचलतो, म्हणून त्याचे लगेच तुकडे करतात.