दर बाळामागचा खर्च आणि वाढीव बाळामागचा खर्च

वंध्यत्वाच्या उपचारांवरचा खर्चाचा कुठलाही अभ्यास हाती आला की लोक एकच आकडा उचलतात: एकूण खर्च भागिले जन्मलेली बाळं. ही सरासरी. ती सगळ्यांना काढता येते. पण दोन उपचारांतला एक निवडताना तीच पुढे केली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

आकडे फक्त हिशोबापुरते धरा. १०० जोडप्यांना आययूआयने (म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडून) ४० लाख खर्च आला, बाळं २०. तितक्याच जोडप्यांना थेट आयव्हीएफने (म्हणजे शरीराबाहेर गर्भ तयार करून तो गर्भाशयात सोडून) १ कोटी, बाळं २५. सरासरी २ लाख आणि ४ लाख. वाचणारा म्हणतो, "दुप्पट पडतंय, पण चालेल." पण वरचे ६० लाख घालून बाळं वाढली ५. म्हणजे वाढलेलं प्रत्येक बाळ १२ लाखांना पडलं. निर्णय या १२ लाखांवर घ्यायचा असतो.

करवीरमधल्या ऊसकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. युरियाचं आणखी एक पोतं टाकताना तो एकरी टनेजची सरासरी धरून बसत नाही. या पोत्यानं ऊस किती वाढेल आणि त्याचे किती हातात येतील, एवढंच बघतो. मुला-सुनेची फाईल उघडल्यावरही त्यानं हाच हिशोब मागावा.

दुसरं, वाढीव म्हणजे कशापेक्षा? कारण न सापडलेल्या वंध्यत्वात काही जोडप्यांना नुसतं थांबूनही दिवस जातात. सरासरी ती बाळंही उपचाराच्या खात्यावर मांडते. म्हणून "काहीच न करता थांबलेला" गट नसेल तर असा अभ्यास मी बाजूला ठेवते. आणि बाळ म्हणजे जिवंत जन्मलेलं बाळ. नुसती टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून मोजलेलं मला चालत नाही. रुपये की डॉलर, कोणत्या सालचे, हे तळटिपेत बघून घ्या.

आयव्हीएफआधी गर्भाशयाच्या अस्तराला ओरखडे काढायची पद्धत घ्या. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल आले. ओरखडे काढलेल्या आणि न काढलेल्या, दोन्ही गटांत जिवंत जन्माचं प्रमाण २६.१ टक्केच. या प्रक्रियेला फारसा पैसा लागत नाही, त्यामुळे सरासरीत तिचा भार जाणवतही नाही. पण वाढलेलं बाळ एकही नाही, आणि बाईला दुखलं ते वेगळंच. खर्चाच्या कागदावर ही ओळ दिसली तर सही करण्याआधी विचारा: "यानं किती बाळं वाढतात?"