नाकातून पिट्युटरीपर्यंत: मायक्रोस्कोप की एंडोस्कोप?

एमआरआयच्या रिपोर्टमध्ये पिट्युटरीची गाठ दिसली की घरच्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो, डोकं उघडावं लागणार का? बहुतेक रुग्णांना नाही लागत. गाठ नाकातून काढता येते. मग डॉक्टर 'मायक्रोस्कोप' आणि 'एंडोस्कोप' असे दोन शब्द वापरतात, आणि अनेकांचा समज होतो की एंडोस्कोप म्हणजे नाकातून आणि मायक्रोस्कोप म्हणजे कवटी उघडून. हा समज पहिल्यांदा दूर करायला हवा. दोन्ही पद्धतींत वाट एकच आहे: नाकपुडी, तिच्यामागची स्फिनॉइड सायनस नावाची हाडातली पोकळी, आणि त्या पोकळीची मागची पातळ भिंत. ती भिंत काढली की समोर पिट्युटरी. फरक आहे तो सर्जनचा डोळा कुठे असतो याचा.

पिट्युटरी ग्रंथी जेमतेम अर्ध्या ग्रॅमची. कवटीच्या तळाशी, हाडाच्या छोट्या खोबणीत ती बसलेली असते. थायरॉइड, ॲड्रिनल, अंडाशय आणि वृषणं यांना काम सांगणारी हार्मोन्स ती तयार करते, शिवाय शरीराची वाढ, अंगावरचं दूध आणि लघवीतून किती पाणी जावं हेही तिच्या हार्मोन्सवर ठरतं. तिच्या डोक्यावरून दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडून जातात. डाव्या-उजव्या अंगाला मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिन्या आहेत आणि त्यांच्या शेजारून डोळ्याची हालचाल करणाऱ्या नसा. इतक्या महत्त्वाच्या गोष्टी इतक्या कमी जागेत शरीरात क्वचितच कुठे सापडतील. म्हणून इथे काही मिलिमीटर जास्त दिसणं किंवा न दिसणं यानं रुग्णाचं पुढचं आयुष्य बदलतं.

यातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. काही गाठी एखादं हार्मोन भरमसाट तयार करतात. ग्रोथ हार्मोन वाढलं तर हातपाय आणि जबडा मोठा होत जातो. ॲड्रिनलला काम सांगणारं हार्मोन, एसीटीएच, वाढलं तर कुशिंग आजार होतो: चेहरा सुजल्यासारखा गोल दिसतो, पोटावर जांभळे पट्टे उमटतात, रक्तदाब आणि साखर चढते. इतर गाठी काहीच तयार करत नाहीत, त्या फक्त वाढतात आणि वर डोळ्यांच्या नसांवर दाब आणतात. मग समोरचं दिसतं पण दोन्ही बाजूंचं दिसेनासं होतं. रस्ता ओलांडताना कडेची गाडी लक्षात येत नाही, दाराच्या चौकटीला खांदा आपटतो. चष्म्याचा नंबर बदलूनही असा त्रास राहिला तर दृष्टिक्षेत्राची तपासणी करून घ्यायलाच हवी.

आणि एक गोष्ट ऑपरेशनचा विचार करण्याआधीच सांगायला हवी. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावरच्या दुधाचं हार्मोन, तयार करणारी गाठ असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागतच नाही. कॅबरगोलिनच्या, आठवड्यातून एक-दोनदा घ्यायच्या गोळ्यांनी ती आकसते, कधीकधी नजरसुद्धा त्याच गोळ्यांनी सुधारते. म्हणून प्रोलॅक्टिनची रक्ततपासणी झाल्याशिवाय कोणत्याही पिट्युटरी गाठीला हात लावू नये. मायक्रोस्कोप की एंडोस्कोप हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

या ऑपरेशनचा इतिहास मला फार विलक्षण वाटतो, कारण तो जवळजवळ सगळा उजेडाचा इतिहास आहे. ऑस्ट्रियात इन्सब्रुकला १९०७ मध्ये हर्मन श्लोफर यांनी पहिल्यांदा नाकाच्या वाटेनं पिट्युटरीची गाठ काढली. त्यासाठी नाक चेहऱ्यावरून बाजूला वळवावं लागलं होतं. तीन वर्षांनी व्हिएन्नात ऑस्कर हिर्श यांनी चेहऱ्यावर काप न घेता नाकपुडीतूनच तिथे पोहोचून दाखवलं. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून शिरण्याची पद्धत रुळवली आणि १९१० ते १९२५ या काळात अशी २३१ ऑपरेशनं केली. मृत्यूचं प्रमाण ५.६ टक्के. अँटिबायोटिक्स नाहीत, ॲड्रिनलच्या कॉर्टिसॉल या हार्मोनच्या गोळ्या नाहीत, कपाळावरचा दिवा एवढाच उजेड, अशा काळातला हा आकडा आहे.

तरीही कुशिंग यांनी पुढे ही वाट सोडली आणि कवटी उघडून ऑपरेशन करण्याकडे ते वळले. वरून गेल्यावर डोळ्यांच्या नसा प्रत्यक्ष दिसत, गाठ किती निघाली ते कळत असे. नाकातल्या खोल, अंधाऱ्या बोगद्यात ते कळत नव्हतं. कुशिंग यांचा दबदबाच एवढा, की त्यांनी पाठ फिरवल्यावर जगानंही पाठ फिरवली. एडिंबरोचे नॉर्मन डॉट मात्र थांबले नाहीत. त्यांनी ही पद्धत कुशिंग यांच्याकडेच पाहिली होती. नाकाची वाट उघडी ठेवणाऱ्या हत्यारालाच, म्हणजे स्पेक्युलमलाच, त्यांनी दिवे बसवून घेतले. १९५६ मध्ये पॅरिसचे जेरार गियो डॉट यांच्याकडे गेले, शिकून आले आणि त्यांनी ऑपरेशन चालू असताना एक्स-रेच्या पडद्यावर हत्याराची जागा पाहायला सुरुवात केली. गियो यांच्याकडे माँट्रियलचे ज्यूल हार्डी शिकले आणि १९६० च्या दशकात त्यांनी या ऑपरेशनात सर्जिकल मायक्रोस्कोप आणला. एकाकडून दुसऱ्याकडे असं चार माणसांच्या हातातून हे कौशल्य टिकून राहिलं. मध्ये एक दुवा जरी निसटला असता तरी आज कदाचित चित्र वेगळं असतं.

मायक्रोस्कोपनं काय बदललं? हार्डी यांना भरपूर उजेडात, मोठं करून आणि दोन्ही डोळ्यांनी खोली कळेल असं दिसू लागलं. निरोगी ग्रंथी आणि गाठ यांच्या रंगातला, पोतातला फरक ओळखता येऊ लागला. दहा मिलिमीटरपेक्षा लहान गाठ तेवढीच काढायची आणि ग्रंथी जागेवर ठेवायची, हे शक्य झालं. त्याआधी ऑपरेशनचा हेतू मुख्यतः नजर वाचवण्याचा होता. हार्डींनंतर हार्मोन्सचा आजार मुळातून बरा करण्याची आशा धरता आली.

पण मायक्रोस्कोप रुग्णाच्या बाहेर, नाकापासून सुमारे हातभर अंतरावर असतो. नाकपुडीत दोन पात्यांचा स्पेक्युलम लावून वाट उघडी ठेवतात आणि तिच्यातून सरळ रेषेत जे दिसेल ते पाहतात. दाराच्या फटीतून अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारावा तसं हे आहे: समोरची भिंत लख्ख दिसते, दाराच्या आतल्या बाजूचे कोपरे दिसत नाहीत. गाठ बाजूला कॅरोटिडकडे किंवा वर डोळ्यांच्या नसांकडे सरकलेली असेल, तर ती या कोपऱ्यांतच असते. अनुभवी सर्जन वाकड्या क्युरेटनं, म्हणजे खरवडायच्या हत्यारानं, हाताच्या स्पर्शावरून ती ओढून काढतात. म्हणजे तिथे डोळ्याचं काम हातावर येतं.

एंडोस्कोपमध्ये भिंगच आत जातं. साधारण चार मिलिमीटर जाडीची नळी, टोकाशी भिंग, मागे कॅमेरा, समोर पडदा. या नळीमागे एका ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाची सुंदर कल्पना आहे. जुन्या नळ्यांत छोटी छोटी भिंगं आणि त्यांच्यामध्ये बरीच हवा असे, त्यामुळे प्रतिमा अंधुक येई. हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५९ च्या सुमारास ही रचना उलटी केली. नळीत लांब काचेच्या कांड्या भरल्या आणि त्यांच्यामधल्या हवेच्या लहान फटींनाच भिंगाचं काम दिलं. त्यामुळे कितीतरी जास्त प्रकाश पलीकडे पोहोचू लागला आणि दृश्यही रुंद झालं. जर्मनीत कार्ल श्टोर्झ यांनी ही नळी बाजारात आणली. आज नाकाच्या, पोटाच्या, सांध्यांच्या ऑपरेशनांतल्या न वाकणाऱ्या दुर्बिणी बहुतेक याच तत्त्वावर चालतात.

पिट्युटरीसाठी एंडोस्कोप वापरून पाहण्याचा पहिला प्रयत्न गियो यांनीच १९६० च्या दशकात केला होता, पण तेव्हाची प्रतिमा कामाची नव्हती. पूर्णपणे एंडोस्कोपनं केलेलं ऑपरेशन फ्रान्समधल्या नान्सीच्या जांकोव्स्की आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये नोंदवलं, तीन रुग्णांचं. पुढे पाच वर्षांनी पिट्सबर्गच्या हे-डाँग जो आणि रिकार्डो काराऊ यांनी पन्नास रुग्णांची माहिती मांडली आणि मग ही पद्धत जगभर पसरली.

टोकाचं भिंग ३० किंवा ४५ अंशांत तिरपं बसवलेले एंडोस्कोपही मिळतात. मघाशी न दिसणारे कोपरे अशा भिंगातून दिसतात. स्पेक्युलम लागत नाही. अनेक ठिकाणी कान-नाक-घसा सर्जन दुर्बीण धरतात आणि न्यूरोसर्जन दोन्ही हातांनी काम करतात, म्हणजे दोन नाकपुड्या आणि चार हात. उणिवाही आहेत. पडद्यावरचं चित्र सहसा सपाट असतं. खोलीचा अंदाज हत्यार हलवून आणि अनुभवानं येतो. जोरात रक्त आलं की भिंग माखतं आणि नेमक्या गरजेच्या क्षणी दिसेनासं होतं. शिवाय ही पद्धत शिकायला वेळ लागतो, आणि शिकण्याच्या त्या काळात रुग्णाची काळजी कशी घ्यायची याचा विचार प्रत्येक विभागाला करावा लागतो.

मग निकाल काय सांगतात? या प्रश्नावर मला सर्वांत बोलका वाटतो तो अमेरिकेतल्या सात केंद्रांत झालेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला ट्रान्सस्फिअर हा अभ्यास. हार्मोन न बनवणाऱ्या गाठींचे रुग्ण त्यात होते. मायक्रोस्कोपनं काम करणारे तीन सर्जन मुरलेले होते आणि एंडोस्कोपनं काम करणारे बारा सर्जन त्यांच्या मानानं कमी अनुभवाचे. गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण मायक्रोस्कोपमध्ये ८० टक्के आणि एंडोस्कोपमध्ये ८३.७ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीनं सारखंच. गुंतागुंतीचं प्रमाणही सारखं. मायक्रोस्कोपचं ऑपरेशन कमी वेळात आटोपलं. ठळक फरक दिसला तो एका ठिकाणी: सहा महिन्यांनी एखाद्या हार्मोनची नवी कमतरता मायक्रोस्कोपच्या २८.४ टक्के रुग्णांत होती आणि एंडोस्कोपच्या ९.७ टक्के रुग्णांत.

हा आकडा पाहून एंडोस्कोपचा विजय जाहीर करावासा वाटतो, पण हात आखडता घ्यायला हवा. रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झाली नव्हती. मायक्रोस्कोपच्या बाजूला तीनच सर्जन होते, तेव्हा हा फरक यंत्राचा किती आणि त्या तिघांच्या पद्धतीचा किती, हे वेगळं काढता येत नाही. माझ्या मते या अभ्यासाचा खरा धडा दुसरा आहे. कमी अनुभवाचे सर्जन एंडोस्कोप हातात घेऊन मुरलेल्यांच्या बरोबरीला आले. चांगलं दिसण्यानं अनुभवाची थोडी तरी उणीव भरून निघते, असा त्याचा अर्थ मी लावतो.

कुशिंग आजारात चित्र असंच आहे. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये झालेल्या विश्लेषणात दोन्ही पद्धतींनी मिळून सुमारे ८० टक्के रुग्णांचा आजार आटोक्यात आला. लहान गाठींत दोन्ही पद्धती तोडीस तोड ठरल्या. मोठ्या गाठींत मात्र एंडोस्कोप पुढे होता, ७६ टक्के विरुद्ध ६० टक्के. यात आश्चर्य नाही. लहान गाठ सरळ समोर असते, मोठी कोपऱ्यांत शिरते. उलट, कॅरोटिडला वेढा घालून बसलेला भाग कोणत्याही दुर्बिणीतून स्वच्छ दिसला म्हणून काढता येतोच असं नाही. तो सोडून देऊन पुढे औषधं किंवा रेडिएशन देणं हाच अनेकदा शहाणपणाचा निर्णय असतो.

दोन्ही पद्धतींत एक धोका समान आहे. गाठ काढताना मेंदूभोवतालच्या पातळ आवरणाला छिद्र पडलं तर आतलं पाणी नाकात झिरपतं आणि त्याच वाटेनं जंतू वर जाऊन मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणांना संसर्ग, होऊ शकतो. यावर अर्जेंटिनाच्या हादाद आणि बासागास्तेगी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला उपाय मोलाचा ठरला. नाकाच्या पडद्यावरचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट उचलायचं आणि छिद्रावर पसरायचं. रक्तपुरवठा चालू असल्यामुळे ते तिथे जिवंत राहतं आणि धरून बसतं. मोठ्या गाठींची एंडोस्कोपिक ऑपरेशनं त्यामुळे बरीच सुरक्षित झाली.

माझ्या जवळच्या कुणाला हे ऑपरेशन करायचं असेल, तर मी यंत्राबद्दल नंतर विचारेन. आधी विचारेन की हा सर्जन वर्षाला पिट्युटरीची किती ऑपरेशनं करतो, सोबत नाकाचे सर्जन आहेत का, आणि आधी-नंतर पाहायला एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोन्सचे डॉक्टर, आहेत का. अमेरिकेतल्या न्यूरोसर्जनांची जी मोठी पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात हेच दिसलं होतं: अनुभव वाढत गेला तशी जवळजवळ प्रत्येक गुंतागुंत कमी होत गेली. वर्षानुवर्षं मायक्रोस्कोपवर हात बसलेल्या सर्जननं तुमची लहान गाठ मायक्रोस्कोपनं काढायचं ठरवलं तर घाबरण्याचं कारण नाही. गाठ मोठी असेल, बाजूला किंवा वर पसरलेली असेल, तर एंडोस्कोपमध्ये निष्णात असलेल्या टीमचं मत मी नक्की घेईन.

घरी आल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, जड उचलायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं. नाक चोंदणं, खपल्या धरणं यांचा त्रास साधारण दुसऱ्या आठवड्यापर्यंत जास्त असतो आणि तीनेक महिन्यांत निवळतो. नाकातून पाण्यासारखं पातळ थेंब-थेंब गळू लागलं, खूप तहान लागून सारखी लघवी होऊ लागली, किंवा आठवडाभरानं डोकं दुखून मळमळ, गोंधळल्यासारखं वाटू लागलं, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं. या शेवटच्या लक्षणांमागे बऱ्याचदा रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं. स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर बरं वाटतंय म्हणून त्या स्वतःहून बंद करू नयेत. ग्रंथी कॉर्टिसॉलचं काम पुन्हा सांभाळू लागली आहे का, हे तपासूनच डॉक्टर त्या कमी करतात.