मूत्रपिंडविकारातील वाढीव पोटॅशियम आणि ईसीजी

मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साठू लागले, की त्याची सर्वांत गंभीर झळ हृदयाला बसते. या अवस्थेला हायपरकॅलेमिया म्हणतात. रक्तद्रवातील पोटॅशियम साधारणपणे लिटरला ३.५ ते ५ मिलिमोल असते. ते ६.५ च्या वर गेले, किंवा त्याहून कमी असतानाही ईसीजीत (हृदयाच्या विद्युत हालचालींच्या आलेखात) बदल दिसू लागले, तर ती तातडीची अवस्था समजून लगेच उपचार करतात. रुग्णाला मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही. पायांतली ताकद गेल्यासारखे वाटणे, मुंग्या येणे, नाडी मंदावणे ही लक्षणे असली तर असतात. कधी थेट हृदय थांबते.

शरीरातले सुमारे ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असते. पेशीत लिटरला १४० मिलिमोल आणि बाहेरच्या द्रवात जेमतेम ४, या तफावतीवरच स्नायू आणि हृदय यांचे विद्युत व्यवहार चालतात. खाण्यातून आलेल्या पोटॅशियमपैकी जवळजवळ ९० टक्के लघवीवाटे जाते, उरलेले आतड्यावाटे. मूत्रपिंडाचा आजार हळूहळू वाढत असेल, तर शाबूत राहिलेले नेफ्रॉन (मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या) जास्त काम करतात, मोठे आतडेही जास्त पोटॅशियम टाकू लागते, त्यामुळे आजार बराच पुढे जाईपर्यंत पातळी आटोक्यात राहू शकते. हा तोल बिघडायला मग लहान कारणही पुरते: जुलाबाने लघवी कमी होणे, रक्तातली आम्लता वाढणे, बद्धकोष्ठ, अंगदुखीसाठी परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी किंवा जंतुसंसर्गावरचे को-ट्रायमॉक्साझोल. रक्तदाब आणि हृदयविकारासाठी दिली जाणारी रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन ही औषधेही पोटॅशियम वाढवतात. ती उपयोगाची औषधे आहेत; प्रश्न ती दिल्यावर रक्त वेळेवर तपासले जाते की नाही, हा असतो.

ईसीजीत काय दिसते, ते पेशीत काय घडते त्यावरून कळते. बाहेरचे पोटॅशियम वाढले की हृदयपेशीचे विश्रांतीतले विद्युत विभव (पेशीच्या आतबाहेरच्या विद्युतभारातला फरक) शून्याकडे सरकते, सोडियमच्या वाहिन्यांपैकी (पेशीच्या आवरणातली सोडियम आत सोडणारी दारे) बऱ्याच निकामी होतात आणि संदेश पुढे जायला वेळ लागतो. त्याच वेळी पेशीतून पोटॅशियम बाहेर पडण्याचा वेग वाढतो, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर पेशी लवकर पूर्वपदावर येते. या दुसऱ्या परिणामामुळे टी तरंग (हृदयाचे खालचे कप्पे ठोक्यानंतर पूर्वपदावर येतानाची आलेखातली लाट) उंच, टोकदार आणि बुडाशी अरुंद होतो, तंबूसारखा. छातीवरच्या व्ही २ ते व्ही ४ या लीडमध्ये (ईसीजीच्या जोडण्यांत) तो सहसा ठळक दिसतो. पहिल्या परिणामामुळे पी तरंग (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लाट) बसका होत जातो आणि नाहीसा होतो, पीआर अंतर (पी सुरू झाल्यापासून क्यूआरएसपर्यंतचा वेळ) लांबते, क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत संदेश पसरतानाची उंच टोकदार रेघ) रुंदावतो. नेहमीच्या पट्टीवर कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक लहान चौकोन ०.०४ सेकंदाचा. क्यूआरएस तीन लहान चौकोनांत बसायला हवा. तो चार, पाच चौकोन व्यापू लागला आणि आधी पी होता तिथे सपाट रेघ आली, तर प्रयोगशाळेच्या आकड्यासाठी थांबू नये. क्यूआरएस आणि टी एकमेकांत मिसळून नुसती लाटेसारखी वरखाली रेघ उरली, की त्यापुढची पायरी व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन (हृदयाच्या खालच्या कप्प्यांची निष्फळ थरथर) किंवा हृदय पूर्ण थांबणे.

आधी टी, मग पी, मग क्यूआरएस हा क्रम पाठ्यपुस्तकांत ठरून गेला आहे. १९३८ मध्ये विंकलर, हॉफ आणि स्मिथ यांनी कुत्र्यांच्या शिरेत पोटॅशियम क्लोराइड सोडत, रक्तातली पातळी आणि ईसीजी शेजारीशेजारी मांडून असाच क्रम नोंदवला. प्रयोगात पोटॅशियम एका गतीने चढवता येते. रुग्णात तसे होत नाही. डायलिसिसवरच्या रुग्णात पातळी ७ च्या वर असूनही ईसीजी जवळपास नेहमीसारखा निघू शकतो आणि पुढचा बदल थेट जीवघेण्या लयीचा असू शकतो. दीर्घकाळच्या रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झालेली असते, तेव्हा टी तरंग आधीच बदललेला असतो. म्हणून ईसीजीत बदल दिसले तर उपचार तत्काळ सुरू करावेत, आणि बदल दिसले नाहीत म्हणून वाढलेला आकडा दुर्लक्षू नये. रुग्णाचा जुना ईसीजी हाताशी असणे इथे फार मोलाचे ठरते. आकडाही कधी फसवतो: रक्त काढताना मूठ घट्ट आवळून धरली किंवा नळीतल्या रक्तपेशी फुटल्या, तर पोटॅशियम खोटेच जास्त येते. मात्र मूत्रपिंड निकामी असलेल्या माणसात नमुना खराब असेल, असे आधीच गृहीत धरणे धोक्याचे आहे.

उपचारात सर्वप्रथम हृदयाला संरक्षण द्यायचे असते. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून काही मिनिटांत देतात. रुंद क्यूआरएस पडद्यावर बघता बघता अरुंद होतो. पोटॅशियम मात्र कणभरही उतरलेले नसते आणि हा आधार अर्धा ते एक तासच टिकतो. तेवढ्यात १० युनिट इन्सुलिन ग्लुकोजसोबत देऊन, आणि सालब्युटामॉलची दम्यासाठी देतात त्याच्या कितीतरी पट मात्रा वाफेतून देऊन, पोटॅशियम पेशींत ढकलतात. मूत्रपिंड बंद असल्याने इन्सुलिनचा अंमल लांबतो, म्हणून पुढचे सहा तास रक्तातली साखर तपासत राहावी लागते. शरीराबाहेर पोटॅशियम काढण्याचा खात्रीचा मार्ग डायलिसिसच. तो संपल्याबरोबर तपासलेला आकडा छान दिसतो, पण पेशींतले पोटॅशियम पुन्हा रक्तात येते आणि काही तासांत पातळी परत थोडी चढते.

आठवड्यातून तीनदा डायलिसिस घेणाऱ्यांतही दोन दिवसांच्या खंडानंतर अचानक मृत्यूचा धोका जास्त असल्याचे आढळले आहे. भारतात खर्च आणि अंतर यांमुळे बरेच रुग्ण आठवड्यातून दोनदाच येतात, म्हणजे खंड आणखी मोठा. त्यात आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाताना शहाळे आणि फळे नेण्याची रीत. एका शहाळ्याच्या पाण्यातून अर्ध्या ग्रॅमहून जास्त पोटॅशियम सहज पोटात जाते. लघवी जवळजवळ बंद झालेल्या माणसाला दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपासच मर्यादा घालून दिलेली असते, तिथे हे प्रेम महागात पडते. बटाटा, पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून दिले तर पोटॅशियम बरेच कमी होते. वरण किंवा रश्श्यासाठी ते पाणी वापरू नये. रक्तदाबासाठी विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ या रुग्णांनी टाळलेच पाहिजे, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते.