जपानी ओळखीतला हरवलेला ‘प’

जपानी भाषेच्या पहिल्या काही तासांतच स्वतःची ओळख करून द्यायला शिकवतात: ‘हाजिमेमाश्ते. वाताशि वा मीरा देस. इंदो कारा किमाश्ता. योरोशिकु ओनेगाइ शिमास.’ म्हणजे, आपण प्रथमच भेटत आहोत, मी मीरा, भारतातून आले, आणि शेवटचे वाक्य जवळजवळ आपल्या पत्रांतल्या ‘लोभ असावा ही विनंती’सारखे. ‘कारा’ हे आपल्या ‘-तून’प्रमाणे नामानंतर येते आणि क्रियापदही शेवटीच असते, त्यामुळे मराठी माणसाला ही रचना परकी वाटत नाही.

अडते ते ‘वाताशि वा’ लिहिताना. ‘माझे म्हणाल तर’ अशा अर्थाने बोलण्याचा विषय पुढे ठेवणारा हा ‘वा’ उच्चारात ‘वा’ असला, तरी हिरागाना लिपीत तो ‘हा’ या अक्षराने लिहितात. विद्यार्थी हा अपवाद म्हणून पाठ करतात; मला मात्र त्यामागचा इतिहास सांगितलाच पाहिजे असे वाटते.

त्यासाठी जपानी अक्षरांचा क्रम पाहा: आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. बौद्ध भिक्षूंनी संस्कृतच्या अभ्यासातून नेलेल्या वर्णमालेची ही छाया आहे. ‘न’ आणि ‘म’ यांच्यामध्ये, म्हणजे जिथे आपल्याकडे प-वर्ग सुरू होतो तिथे, ‘हा’ बसला आहे. कारण फार प्राचीन काळी त्याचा उच्चार ‘पा’ होता. पुढे ओठ पूर्ण मिटणे सुटले आणि दोन्ही ओठांतून फुंकर घातल्यासारखा ‘फ’ उरला. सुमारे अकराव्या शतकापर्यंत शब्दाच्या आत आलेला हा ध्वनी ‘व’मध्ये मिसळला, तर शब्दाच्या आरंभी तो टिकला आणि कालांतराने ‘ह’ झाला. विषयदर्शक ‘वा’ आधीच्या नामाला चिकटून उच्चारला जात असल्याने तो शब्दाच्या आतल्या ध्वनीच्या वाटेने गेला.

लेखन मात्र जुनेच राहिले. नदी या अर्थाचा ‘कावा’ हा शब्दही पूर्वी ‘काहा’ असाच लिहीत. 1946 च्या लेखनसुधारणेने असे शब्द उच्चाराप्रमाणे बदलले, पण रोजच्या वापरातल्या या छोट्या ‘वा’चे जुने रूप तसेच राखले. मूळचा ‘प’ द्वित्तात अजूनही ऐकू येतो: ज्या देशाचे नाव ‘निहोन’ आहे, त्याचेच दुसरे नाव ‘निप्पोन’ आहे.