एका फाईलीच्या दोन फाईली काहून होतात?

परवा आमच्या गावच्या एका पोराचा फोन आला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी नाटक लिहून राहिला तो, दिवाळीनंतर वडश्याकडे प्रयोग सुरू व्हायच्या आधी संहिता द्यायची होती आणि हा पार रडकुंडीला आलेला. धानाच्या बांधीवर राखणीला बसून मोबाईलवर दुसऱ्या अंकाचा एक प्रवेश लिहिला, घरी येऊन लॅपटॉप उघडला तर प्रवेश गायब आणि फोल्डरमधे त्याच नावाची अजून एक फाईल, नावापुढे 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं काहीतरी. घरच्यांनी तोवर लॅपटॉपवरून लिंबू ओवाळून टाकलं होतं. फाईलीला नजर लागत नाही हो. तिथं जे झालं ते साध्या मोजणीने झालं, आणि ती मोजणी मला इतकी आवडते की आज तीच सांगतो.

लोकांना वाटतं क्लाउडमधे फाईल एकच राहते आणि आपण कुठूनही तिच्यातच लिहितो. सिंकच्या, म्हणजे सगळीकडच्या कॉपी आपोआप सारख्या करणाऱ्या, फोल्डरमधे तसं नसतं. मोबाईलवर एक कॉपी, लॅपटॉपवर एक, सर्व्हरवर एक, आणि नेटवर्क आलं की त्या एकमेकींशी जुळवून घेतात.

मग दोन कॉपी वेगळ्या दिसल्या तर नवी कोणती? तुम्ही म्हणाल, वेळ पाहा. पण घड्याळाचा भरवसा नाही. जुन्या लॅपटॉपमधला नाण्याएवढा सेल उतरला आणि मोठी बॅटरीपण संपली की तारीख कित्येक वर्षं मागं जाऊन बसते. आणि घड्याळ बरोबर असलं तरी, जे नंतर लिहिलं ते आधीचं पाहूनच लिहिलं असं थोडंच आहे? कॉम्प्युटर शास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 च्या लेखात हेच मांडलं, की दूरदूरच्या कॉम्प्युटरांमधे 'आधी' आणि 'नंतर' ठरवायला भिंतीवरचं घड्याळ लागत नाही, कोणाची खबर कोणापर्यंत पोचली होती ते पाहायचं. पुढं 1983 मधे व्हर्जन व्हेक्टर नावाची युक्ती आली.

ती अशी. प्रत्येक मशीनसाठी एक आकडा ठेवायचा आणि त्या मशीनवर फाईल बदलली की फक्त तोच आकडा एकाने वाढवायचा. समजा दोन्हीकडे फाईल सारखी आहे, लॅपटॉप 5, मोबाईल 3. बांधीवर प्रवेश लिहिला, मोबाईलमधली कॉपी झाली (5, 4). ती घरी पोचली असती आणि मग लॅपटॉपवर लिहिलं असतं तर (6, 4) झालं असतं, दोन्ही आकडे आधीच्याइतके किंवा जास्त, म्हणजे हीच नवी, वाद नाही. पण बांधीवर नेटवर्क नव्हतं आणि त्याने घरी येऊन जुन्याच कॉपीत दोन ओळी टाकल्या, तर लॅपटॉप झाला (6, 3). आता (5, 4) आणि (6, 3) यांत मोठं कोण? पहिला आकडा इकडे जास्त, दुसरा तिकडे. कोणीच कोणाला पाहिलेलं नाही! इथं सॉफ्टवेअर अंदाज करत नाही, दोन्ही ठेवतं. सिंकथिंग नावाचं फाईली सिंक करणारं सॉफ्टवेअर हेच व्हेक्टर वापरतं, ड्रॉपबॉक्सपण टक्कर झाली की वेगळी कॉपी ठेवतं. घाबरवणारी ती दुसरी फाईल म्हणजे तुमचं लिखाण वाचवल्याची खूण आहे. 'आमचं सिंक कधी चुकत नाही' अशा जाहिरातींवर म्हणून माझा विश्वास नाही, दोन माणसांनी एकमेकांना न विचारता लिहिलं तर खरं कोणतं हे मशीनला कळायला काही मार्गच नाही.

स्क्रिव्हनरसारख्या लिखाणाच्या सॉफ्टवेअरमधे अजून एक गुंता. तिथं नाटक एका फाईलीत नसतं, एका फोल्डरमधे प्रत्येक प्रवेशाची मजकुराची छोटी फाईल (आरटीएफ) आणि कोणता प्रवेश कुठं आहे सांगणारी एक यादीची फाईल असते. अर्धवट सिंक होऊन नुसती यादी पोचली आणि प्रवेशाची फाईल मागं राहिली, तर यादीत नाव दिसते पण पान कोरं.

त्यामुळे एका मशीनवर बंद करा, सिंक पूर्ण झाल्याची खूण दिसेपर्यंत थांबा, मगच दुसऱ्यावर उघडा. मोबाईलचा बॅटरी सेव्हर सिंकला झोपवतो, त्याला त्या ॲपपुरता बंद करा. प्रोजेक्टचा फोल्डर 'ऑनलाईन ओन्ली', म्हणजे मशीनवर कॉपी न ठेवता नुसता सर्व्हरवर, ठेवू नका. आठवड्यातून एकदा झिप करून पेनड्राईव्हवर टाका, कारण चुकून खोडलेलंही सिंक होतंच.

त्या पोराला म्हटलं, काही डिलीट करू नको, दोन्ही फाईली शेजारी शेजारी उघड. दुसरीत त्याचा प्रवेश शेवटच्या संवादापर्यंत जसाच्या तसा होता, लॅपटॉपवरच्या दोन ओळी त्याने त्यात हाताने टाकल्या आणि तीच फाईल पुढं चालू ठेवली.